गुन्पेई योकोई : फुलीच्या बटणामागचा इंजिनिअर

रास्पबेरी पायला जुना एनईएसचा गेमपॅड जोडणं फार अवघड नाही. पॅडच्या पोटात ४०२१ ही साधी शिफ्ट रजिस्टर आयसी असते. सप्लाय पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून घ्यायचा (५ व्होल्ट दिलेत तर पायच्या पिना जाणार, आधीच सांगून ठेवतो), आणि लॅच, क्लॉक, डेटा या तीन वायरी जीपीआयओला लावायच्या. सॉफ्टवेअरने लॅचला पल्स दिली की आठही बटणांची स्थिती आयसीत पकडली जाते. मग क्लॉकच्या ठोक्यागणिक एकेक बिट बाहेर येतो: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. दाबलेलं बटण शून्य दाखवतं. ही बिट्स लिनक्सच्या यूइनपुटकडे दिली की पायला वाटतं, खराखुरा यूएसबी जॉयस्टिकच लागलाय.

आता समजा, पॅड नाही म्हणून चार सुटी पुश बटणं लावलीत. डावं आणि उजवं एकदम दाबलं गेलं तर? गेममधला माणूस कुठे जाणार? ते कोडमध्ये ठरवावं लागतं: दोन्ही रद्द करायची, की शेवटी दाबलेलं धरायचं. तयार अ‍ॅडाप्टर सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळी सेटिंगच असते. मूळ पॅडवर मात्र हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. तिथलं फुलीसारखं बटण एकसंध असतं आणि मधल्या टेकूवर डुलतं. एक बाजू खाली गेली की समोरची वर. आपण जी अट इफ-एल्समध्ये लिहितो, ती गुन्पेई योकोईंनी प्लास्टिकच्या एका तुकड्यात बसवली होती. मला हा माणूस त्यामुळेच आवडतो.

योकोईंचा जन्म १९४१ चा, क्योटोचा. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स शिकून १९६५ मध्ये ते निन्टेंडोत लागले. तेव्हाची निन्टेंडो म्हणजे पत्ते छापणारी कंपनी! काम काय, तर पत्त्यांच्या मशिनी चालू ठेवणं. थोडक्यात मेंटेनन्स. रिकाम्या वेळात त्यांनी गंमत म्हणून लांबचं उचलणारा, कात्रीसारखा उघडमीट होणारा एक हात बनवला. अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यात आले आणि नेमकं ते खेळणं त्यांच्या नजरेस पडलं. आपल्याकडे अशा वेळी मेमो मिळतो. योकोईंना हुकूम मिळाला, की हेच विकायला काढा. १९६६ चा हा ‘अल्ट्रा हँड’ दहा लाखांहून जास्त खपला आणि मेंटेनन्सचा माणूस खेळणी डिझाइन करू लागला.

१९६९ चा ‘लव्ह टेस्टर’ तर हॉस्टेलवर हवाच होता. दोघांनी एकमेकांचे हात धरायचे, मोकळ्या हातात धातूची एकेक मूठ घ्यायची. अंगातून जाणारा करंट मीटरवर ‘प्रेम’ म्हणून दिसायचा. सर्किट म्हणाल तर फर्स्ट इयरचं.

स्वस्त झालेला, सगळ्यांना माहीत असलेला पार्ट घ्यायचा आणि भलत्याच ठिकाणी वापरायचा, ही त्यांची पद्धत. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या स्पर्धेत एलसीडी स्वस्त झाली होती. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक माणूस कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांना दिसला, त्यातून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला. खिशात मावायचा म्हणजे जॉयस्टिकची दांडी चालणार नाही. म्हणून १९८२ च्या ‘डाँकी काँग’ मॉडेलवर चपटी फुली आली. पुढच्याच वर्षी ती फॅमिकॉमच्या कंट्रोलरवर गेली, तिथून एनईएसवर.

१९८९ चा गेम बॉय त्याच वळणाचा. आठ बिटांचा प्रोसेसर, १६० बाय १४४ पिक्सेल, हिरवट पडद्यावर चार छटा. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स रंगीत पडदा घेऊन आला, १९९० मध्ये सेगाचा गेम गिअर आला. पण ते सहा पेन्सिल सेल काही तासांत संपवायचे, गेम बॉय चार सेलवर पंधराएक तास चालायचा. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांवर गेले. सेलचा खर्च स्वतःच्या खिशातून करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

१९९५ चा व्हर्च्युअल बॉय मात्र सपशेल आपटला. लाल एलईडीचं थ्रीडी चित्र, डोळे दुखायचे, आणि आठ लाखही खपले नाहीत. १५ ऑगस्ट १९९६ ला योकोईंनी कंपनी सोडली. या अपयशामुळे त्यांना जावं लागलं असं अजून सांगतात. त्यांनी स्वतः ते नाकारलं होतं. निघण्याआधी गेम बॉय पॉकेट मात्र बाजारात आला होता.

मग त्यांनी ‘कोतो’ ही छोटी कंपनी काढली आणि बंदाईसाठी नवा हँडहेल्ड हाती घेतला. ४ ऑक्टोबर १९९७ ला होकुरिकू एक्स्प्रेसवेवर किरकोळ धडक झाली, ते गाडीतून उतरले, आणि दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय ५६.

तो हँडहेल्ड, ‘वंडरस्वान’, मार्च १९९९ मध्ये बाजारात आला. एकाच पेन्सिल सेलवर तीस तासांच्या आसपास चालायचा. फुलीचं पेटंट निन्टेंडोकडे होतं. वंडरस्वानवर दिशांसाठी चार सुटी बटणं आहेत.