विश्लेषण : मुंबईचे उंदीर प्लेगला पुरून कसे उरले? हे तपासणारे साहिबसिंग सोखे कोण होते?

वाशीच्या एपीएमसीतील दाणाबाजार पूर्वी मुंबईत मशीद बंदर परिसरात होता. तिथल्याच मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचे रुग्ण सापडले. गोदामांतले उंदीर मरत होते आणि त्यांच्या पिसवांमधून रोग माणसांत येत होता. काही दशकांत मात्र मुंबईतला प्लेग ओसरला. गोदामे होती, उंदीरही होते. मग बदलले काय?

सोखे कोण होते?
जन्म १८८७ चा. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर, पुढे मेजर जनरल. १९३२ मध्ये ते परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक झाले. प्रसिद्ध कथक नर्तकी मेनका या त्यांच्या पत्नी.

उंदरांमध्ये काय आढळले?
मुंबईचे उंदीर मद्रासच्या उंदरांपेक्षा प्लेगला कमी बळी पडतात, हे आधीच्या प्लेग आयोगाने पाहिले होते. मद्रासला प्लेग फारसा शिवलाच नव्हता. सोखे आणि त्यांचे सहकारी चित्रे यांनी हा धागा पुढे नेला. देशाच्या वेगवेगळ्या भागांतील उंदीर तपासून १९३७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. जिथे प्लेगने वर्षानुवर्षे ठाण मांडले होते, तिथले उंदीर चिवट निघाले. कमकुवत उंदीर मेले, तगलेल्यांची पिल्ले वाढली. हीच नैसर्गिक निवड.

सशांशी याचा संबंध काय?
ऑस्ट्रेलियात १९५० मध्ये ससे आटोक्यात आणण्यासाठी मिक्सोमा विषाणू सोडण्यात आला. सुरुवातीला लागण झालेले जवळपास सगळे ससे मेले. पण ससा लगेच मेला, तर डासांमार्फत पुढे पसरायला विषाणूला वेळच मिळत नाही. त्यामुळे काही वर्षांतच थोडे सौम्य विषाणू वरचढ ठरले. दुसरीकडे ससेही चिवट होत गेले. म्हणजे इथे दोघेही बदलले.

मग माणसानेही वाट पाहावी का?
नाही. उंदीर-सशांची पिढी काही महिन्यांत बदलते. माणसाच्या पिढीला पंचवीसेक वर्षे लागतात आणि निवडीची किंमत मृत्यूंनी मोजावी लागते. शिवाय जंतू सौम्यच होईल, याची हमी नाही. उपचार न केल्यास प्लेग आजही जीवघेणा आहे.

सोखेंनी म्हणूनच लस आणि औषधांवर भर दिला. १९४० च्या दशकात त्यांच्या संस्थेने प्लेगवर सल्फा औषधांचे उपचार तपासले. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेत साहाय्यक महासंचालक होते. १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाल्यावरही औषधे देशातच, सरकारी कारखान्यांत आणि स्वस्तात तयार व्हावीत, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज हे का आठवायचे?
साथ थांबली की उंदरांवरचा निवडीचा दाबही संपतो. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेग पुन्हा आढळला. तेव्हा माणसांच्या मदतीला आली ती टेट्रासायक्लिनसारखी स्वस्त औषधे.