मातृहीन भीमाच्या माता



आपल्या विंचूरहून पूर्वेकडे निघालेला रस्ता येवल्यास पोहोचतो. त्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी भरलेल्या परिषदेत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी धर्मांतराचा निर्धार प्रकट केला, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु ज्या पुरुषाचा शब्द त्या दिवसानंतर साऱ्या देशात दुमदुमला, तो पुरुष बालपणीच आईला मुकलेला होता, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. असा हा मुलगा कोणाच्या मायेवर वाढला, ते येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. सुभेदार रामजी व भीमाबाई यांचे हे चौदावे अपत्य. पुढे कुटुंब साताऱ्यास राहावयास आले आणि तेथे १८९६ साली भीमाबाई निवर्तल्या. त्या वेळी भीम अवघा पाच वर्षांचा होता.

घरात मागे उरली ती रामजींची बहीण मीराबाई. ही आत्या ठेंगणी आणि पायांनी अधू होती. कित्येकदा तिला उचलून न्यावे लागे. पुढे वडील नोकरीनिमित्त परगावी गेले, तेव्हा स्वयंपाक करणेही तिला शक्य होईना. मुलांना भाकरी थापता येत नसे, म्हणून ती तांदूळ व मटण एकत्र शिजवून त्या पुलावावर दिवस काढीत. तरीही रात्री भीम झोपे तो आत्याच्याच कुशीशी. जिच्या हातून घास मिळत नव्हता, तिचीच ऊब त्याला आईच्या जागी होती.

त्या काळी साताऱ्यातील न्हावी अस्पृश्य मुलांचे केस कापीत नसत. ते काम भीमाची मोठी बहीण करी. शाळेत त्याला इतरांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. अशा त्या शाळेत आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण गुरुजी होते. मधल्या सुटीत मुलाला घरी धावत जावे लागू नये म्हणून ते आपल्या फडक्यातील भाजीभाकरी त्याला देत, मात्र शिवाशिव होऊ न देता. रूढी त्या गुरुजींना ओलांडता आली नाही. परंतु मुलाची भूक त्यांनी ओळखली. त्यांचेच आडनाव भीमाने धारण केले, हे स्वतः बाबासाहेबांनीच सांगून ठेविले आहे. गोलमेज परिषदेस जाताना आलेले त्यांचे पत्रही बाबासाहेबांनी जपून ठेविले होते.

सर्वांनाच त्या मुलाच्या मनात आईचे स्थान मिळाले असे मात्र नाही. रामजींनी दुसरा विवाह केला, तेव्हा आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीम अतिशय दुखावला. आता वडिलांच्या अन्नावर राहावयाचे नाही, मुंबईस पळून जाऊन गिरणीत नोकरी करावयाची, असे त्याने ठरविले. भाड्याचे पैसे कोठून आणावयाचे? आत्याच्या कमरेस एक पिशवी खोचलेली असे. रात्रीमागून रात्री त्याने ती काढण्याचा प्रयत्न केला. अखेर चौथ्या रात्री ती हाती आली, तो आत निघाला केवळ अर्धा आणा! त्या मुलास आपलीच लाज वाटली. त्याने पळून जाण्याचा बेत सोडला आणि अभ्यासात मन घातले.

पुढे कुटुंब मुंबईस आले. परळच्या चाळीतील एका खोलीत वडील रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग भीमाला अभ्यासास उठवीत आणि स्वतः त्याच्या जागी निजत. त्याला एखादे पुस्तक हवे असे आणि गाठीस पैसा नसे, तेव्हा रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती येताच सोडवून आणीत. अशा रीतीने बहिणींच्या दागिन्यांवर भावाची पुस्तके आली. १९०७ साली भीम मॅट्रिक झाला, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी ज्या बुद्धाचा धम्म स्वीकारला, त्याचे ते चरित्र होय.

बंधुभगिनींनो, या सर्वांमध्ये संपूर्ण आई अशी एकही व्यक्ती नव्हती. एकीने ऊब दिली, एकीने केस कापले, एकाने भाकरी दिली, एकाने झोप दिली. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने दिले, आणि त्या साऱ्यांतून मुलाला आई मिळाली. आपल्या प्रभूनेही क्रुसावरून आपल्या मातेस शिष्य योहानाच्या हाती व योहानास तिच्या हाती सोपविले, ते रक्ताचे नाते पाहून नव्हे.

द्राक्षांच्या हंगामात आपल्या निफाड तालुक्यात मजुरांची कुटुंबे येतात आणि त्यांची लेकरे बांधावर दिवसभर एकटी असतात. आपल्या शेजारीही एखादे पोरके मूल असेल. त्याची आई होणे आपणांस कदाचित साधणार नाही. परंतु डब्यातील अर्धी भाकरी, शाळेचे एखादे पुस्तक, संध्याकाळी अभ्यासास दिव्याखाली थोडी जागा, एवढे आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती आहे. महोत्सवाच्या या वर्षी प्रत्येक घराने असे एक मूल शोधावे, अशी माझी नम्र विनंती आहे.