गाठीचे कूळ शोधणारा वैद्य

पणजी असो, बेळगाव असो वा इंदूर. चाळिशीतल्या एखाद्या बाईच्या हाती सोनोग्राफीचा अहवाल पडतो आणि त्यात ‘फायब्रॉइड’ किंवा ‘मायोमा’ हा शब्द दिसतो, तेव्हा घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : गाठ साधी की कर्करोगाची? उत्तर बहुतेक वेळा दिलासा देणारे असते. ते उत्तर ज्या रीतीने दिले जाते, ती घालून देणाऱ्यांत रूडोल्फ फिरखो या जर्मन वैद्याचे नाव अग्रभागी येते. इंग्रजीमार्गे आलेला ‘विर्चो’ हा उच्चार आपल्याकडे अधिक रुळला असला, तरी जर्मन उच्चार फिरखो असाच आहे.

१३ ऑक्टोबर १८२१ रोजी पोमेरेनिया प्रांतातील शिफेलबाइन या छोट्या गावी त्यांचा जन्म झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील शेती पाहत आणि गावच्या खजिन्याचे काम करीत. घरची स्थिती बेताची होती. हुशार पण गरीब मुलांना लष्करी वैद्य करण्यासाठी बर्लिनमध्ये एक सरकारी संस्था होती. १८३९ साली फिरखो तेथे दाखल झाले आणि १८४३ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. पुढे शारिटे रुग्णालयातील शवविच्छेदनाच्या खोलीत त्यांचे खरे शिक्षण झाले. वयाची पंचविशी गाठण्यापूर्वीच त्यांनी रक्ताच्या एका विचित्र विकाराचे वर्णन केले आणि त्याला पुढे ‘ल्युकेमिया’ हे नाव दिले.

त्या काळी शरीरातल्या गाठींविषयीची समजूत आज चमत्कारिक वाटेल. रक्तातून पाझरलेला कसलासा द्रव एके ठिकाणी साचतो, थिजतो आणि त्यातून नव्या पेशी आपोआप उपजतात, असे नामांकित विद्वानही मानीत. व्हिएन्नाचे रोकिटान्स्की हे या मताचे मोठे आधारस्तंभ. पंचविशीतल्या फिरखोंनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. विशेष असे की, रोकिटान्स्कींनी ती मनावर घेऊन आपल्या ग्रंथात बदल केले. विद्वानांत असा मनमोकळेपणा क्वचितच आढळतो. पुढे फिरखोंनाही तो दर वेळी साधला नाही.

१८४८ साल त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. अप्पर सायलेशियात टायफसची साथ उसळली होती आणि सरकारने पाहणीसाठी त्यांना धाडले. तेथील पोलिश भाषक शेतमजुरांची उपासमार, अज्ञान आणि कोंदट झोपड्या त्यांनी पाहिल्या. परतल्यावर अहवालात औषधांपेक्षा शिक्षण, रस्ते, स्वशासन आणि गरिबांवरील कराचे ओझे यांविषयीच अधिक लिहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत बर्लिनमध्ये क्रांतीचा भडका उडाला आणि हा तरुण वैद्य रस्त्यावरच्या मोर्चेबंदीत उभा राहिला. क्रांती फसली आणि शारिटेतील त्यांचे स्थानही गेले. १८४९ मध्ये बव्हेरियातील व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाने त्यांना विकृतिविज्ञानाचे प्राध्यापकपद दिले. बर्लिनच्या राज्यकर्त्यांनी नको म्हटलेला माणूस तेथे शांतपणे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला.

स्नायूंच्या गाठींचा उलगडा याच व्युर्त्सबुर्गच्या काळातला. गर्भाशयात वाढणारे टणक, गोल गोळे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. प्राचीन ग्रीकांनी त्यांना गर्भाशयातले दगड मानले होते. कापल्यावर पांढुरका, दोऱ्यांच्या गुंड्यासारखा भाग दिसतो, म्हणून ते तंतूंचे बनलेले असावेत, अशी पुढची समजूत झाली. ‘फायब्रॉइड’ हे नाव तिच्यातूनच आले. १८५४ साली फिरखोंनी दाखवून दिले की, हे गोळे गर्भाशयाच्या भिंतीतल्याच अरेखित स्नायूंपासून उपजतात. जो स्नायू प्रसूतीच्या वेळी कळा देतो, त्याच्याच पेशी एके जागी बेसुमार वाढून गाठ होते. बाहेरून काही शिरलेले नसते, काही थिजलेलेही नसते. शोध खरा असूनही जुने चुकीचे नाव मात्र दवाखान्यात टिकून राहिले. आजही रोग्याला ‘फायब्रॉइड’च सांगितले जाते आणि ‘लायोमायोमा’ हा शब्द अहवालापुरता उरतो.

त्याच वर्षी, विकृत वाढलेल्या जिभेविषयी लिहिताना त्यांनी दुसऱ्या जातीच्या स्नायूचाही विचार केला. हातापायांचे, जिभेचे स्नायू आपल्या इच्छेने हलतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर आडवे पट्टे दिसतात. अशा रेखित स्नायूंचीही विकृत नवनिर्मिती होऊ शकते, हे त्यांनी मांडले. या दोन जातींचा भेद केवळ पंडिती नव्हे. अरेखित स्नायूच्या गाठी अतिशय सामान्य आणि बहुतांशी सौम्य असतात. त्यांचा मारक प्रकार, म्हणजे लायोमायोसार्कोमा, विरळा. रेखित स्नायूंच्या बाबतीत उलट घडते. तेथे सौम्य गाठच दुर्मीळ असते आणि मुख्यतः मुलांमध्ये आढळणारा रॅब्डोमायोसार्कोमा हा मारक प्रकार वैद्यांना अधिक परिचयाचा असतो.

१८५६ मध्ये बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलावले. दोनच वर्षांत पेशीविकृतिविज्ञानावरील त्यांची व्याख्याने ग्रंथरूपाने आली. प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते आणि रोग म्हणजे पेशींतील बिघाड, हा विचार वैद्यकाचा पाया ठरला. गाठींवरील त्यांचा ग्रंथ १८६३ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध होऊ लागला. त्यात आधी गाठ कोणत्या ऊतीची ते पाहावे आणि मग तिची वर्तणूक, असा क्रम त्यांनी धरला. गाठींची सरळ ‘चांगल्या’ आणि ‘वाईट’ अशी वाटणी करणे त्यांना पटत नव्हते.

हा ग्रंथ तिसऱ्या खंडात अपुराच राहिला. कर्करोगाची खरी चर्चा जेथे यायची, तेथेच लेखणी थांबली. कर्करोग संयोजी ऊतीतून उगवतो, असे फिरखोंचे ठाम मत होते. टिर्श यांनी १८६५ मध्ये आणि वाल्डायर यांनी १८६७ मध्ये तो आवरणाच्या पेशींतूनच निघतो, असे दाखवले. प्रत्येक गाठीचे कूळ शोधू पाहणाऱ्या पुरुषाला सर्वांत भयंकर गाठीचे कूळ मात्र चुकले होते. पेशींच्या आग्रहापायी जंतूंचे महत्त्व मान्य करण्यातही त्यांनी असाच उशीर केला.

दरम्यान ते राजकारणातही होते. बर्लिनच्या नगरपालिकेत १८५९ पासून आणि नंतर प्रशियाच्या विधिमंडळात त्यांनी काम केले. शहराच्या सांडपाण्याची व्यवस्था त्यांच्या पाठपुराव्याने झाली. डुकराच्या मांसातून माणसाच्या स्नायूंत शिरणाऱ्या ट्रिकिनेला कृमीमुळे मांसतपासणी सक्तीची व्हावी, म्हणूनही ते झगडले. १८६५ मध्ये संतापलेल्या बिस्मार्कने त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिरखोंनी ते नाकारले.

सौम्य की मारक, हा प्रश्न त्यांच्यापुढे सर्वांत कठीण रूपात आला तो १८८७ साली. युवराज फ्रेडरिक यांचा घसा बसला होता. स्वरयंत्रावरची ही गाठ स्नायूची नव्हती; पण प्रश्न तोच होता. जर्मन वैद्यांना कर्करोगाचा संशय होता आणि शस्त्रक्रियेची तयारी झाली होती. युवराज्ञी ही राणी व्हिक्टोरियाची कन्या. लंडनहून मोरेल मॅकेन्झी यांना बोलावण्यात आले. त्यांनी काढलेले ऊतीचे बारीक तुकडे फिरखोंनी तपासले आणि त्यांत कर्करोग आढळला नाही. आपला निष्कर्ष हाती आलेल्या तुकड्यापुरता आहे, हे भान त्यांच्या अहवालात होते. ऐकणाऱ्यांनी मात्र तो संपूर्ण घशाला लावला आणि शस्त्रक्रिया टळली. नोव्हेंबरात कर्करोगाविषयी शंका उरली नाही. मार्च १८८८ मध्ये फ्रेडरिक सम्राट झाले ते मुके होऊनच, आणि ९९ दिवसांनी, १५ जूनला, वारले. शवविच्छेदनास फिरखो होते आणि त्यांच्यासोबत, वीस वर्षांपूर्वी त्यांचे मत खोडणारे वाल्डायरही. दोष फिरखोंच्या डोळ्यांचा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तुकडा गाठीच्या कोणत्या भागातून घेतला, यावर सारे अवलंबून असते. आजही गर्भाशयाच्या गाठीत मारक भाग आहे का, याचा निर्णय पुष्कळदा ती संपूर्ण बाहेर आल्यावर, अनेक ठिकाणचे काप पाहूनच होतो. पेशी किती वेगाने विभागत आहेत, त्यांची केंद्रके किती बेढब आहेत आणि ऊती कुठे मृत झाली आहे, हे त्या कापांत पाहतात.

४ जानेवारी १९०२ रोजी बर्लिनमध्ये चालत्या ट्राममधून उतरताना ते पडले आणि मांडीचे हाड मोडले. त्यातून ते उठले नाहीत. ५ सप्टेंबरला, ऐंशी वर्षे पुरी केलेल्या फिरखोंचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच, १८९९ मध्ये, शारिटेच्या आवारात त्यांनी जमवलेल्या नमुन्यांचे संग्रहालय उघडले होते. काचेच्या बरण्यांतून मांडलेले वीस हजारांहून अधिक अवयव आणि गाठी तेथे होत्या. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावानंतर त्यांतले दोन हजारही उरले नाहीत.