मिरजेचे डॉक्टर वानलेस

पेण व रोहा तालुक्यांतील खेडोपाडी फिरणाऱ्या उपदेशकांस हे चांगले ठाऊक आहे की, घरात दुखणे आले म्हणजे रोगाइतकीच औषधाच्या खर्चाची धास्ती पडते. डॉक्टरांची चिठ्ठी हाती असूनही निम्मेच औषध घेतले जाते, अथवा एखादा दागिना गहाण पडतो. गरिबाच्या औषधाचा भार कोणी उचलावा, या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या कृतीने दिले, ते डॉक्टर सर विल्यम वानलेस होत. त्यांचे कार्यक्षेत्र आपले कोकण नव्हे, तर घाटापलीकडील मिरज होते. तथापि त्यांचे चरित्र आपणांसही बोधप्रद आहे.

त्यांचा जन्म सन 1865 त कानडा देशी झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीचे शिक्षण संपवून ते सन 1889 त अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने हिंदुस्थानात आले. प्रथम सांगलीस त्यांनी लहानसा दवाखाना चालविला. पुढे ते मिरजेस गेले आणि सन 1894 त तेथे रुग्णालय उघडले. शस्त्रक्रियेतील, विशेषतः मोतीबिंदू काढण्यातील, त्यांच्या कौशल्याची कीर्ती दूरवर पसरली. राजेरजवाडे व मोलमजूर एकाच दारी येऊ लागले.

दवाखाना दयेवर सुरू होतो, परंतु औषधे, पट्ट्या व नोकरांचे पगार यांस दररोज पैसा लागतो. म्हणून ऐपतदारांकडून योग्य फी घ्यावी व तिच्या आधारे निर्धनांस बरे करावे, अशी तेथील रीत होती. जो देऊ शकत नसे, त्यास परत लावीत नसत. ज्या शोमरोनी मनुष्याने जखमी वाटसरूच्या शुश्रूषेचे पैसे उतारशाळेत स्वतः भरले, त्याचाच हा कित्ता होय.

सन 1897 त त्यांनी वैद्यकीय शाळा काढून ख्रिस्ती तरुणांस शिकविले. महारोग्यांसाठी आश्रय उभारला, आणि सन 1920 त क्षयरोग्यांकरिता आरोग्यभवन स्थापिले. तेथील वस्तीस आजही वानलेसवाडी म्हणतात. सन 1928 त त्यांस सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी ते सेवानिवृत्त झाले व सन 1933 त अमेरिकेत प्रभूठायी निजले.

बंधुभगिनींनो, त्या काळी निर्धनास एखाद्या मिशन डॉक्टराचाच आधार असे. आज कायद्यानेही काही दारे उघडली आहेत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य केले आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत, नेमून दिलेल्या रुग्णालयांतील ठरावीक उपचारांस प्रत्येक कुटुंबामागे वर्षास 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी शेकडा 10 खाटा निर्धनांसाठी मोफत राखावयाच्या असतात. जनऔषधी दुकानांत तीच औषधे स्वस्त मिळतात. मात्र चिठ्ठी डॉक्टरांस दाखवून विचारावे.

परंतु एकट्या विधवेस किंवा निरक्षर म्हाताऱ्यास ही दारे कशी सापडावी? उपदेशकाने शिधापत्रिका व आधारपत्र पाहून ठेवावे, दुखणे बळावण्यापूर्वीच चौकशी करावी, आणि रुग्णाबरोबर स्वतः जावे. मंडळीच्या दानपेटीतून गाडीभाडे निघाले, तरी पुष्कळ झाले. कर्ज डोक्यावर बसल्यावर केलेल्या प्रार्थनेबरोबर, ते बसण्यापूर्वी केलेली सोबतही प्रभूस मान्य आहे.