पवळाबाई : फडावरचे पहिले पाऊल

तमाशाचा इतिहास लिहिणारे पठ्ठे बापूरावांपाशी येऊन थांबतात आणि पवळाबाईंना त्यांच्या कथेतील एक पात्र करून मोकळे होतात. बापूरावांची लावणी ज्या गळ्याने आणि ज्या पायांनी लोकांपर्यंत नेली, तो गळा एका महार स्त्रीचा होता, हे आपण तरी विसरता कामा नये.

पवळा तबाजी भालेराव यांचा जन्म १८७० साली संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथे झाला. त्यांना खंडोबाची मुरळी म्हणून सोडण्यात आले. देवाच्या नावावर आपल्या मुलींचे आयुष्य परस्पर ठरवून टाकणारी ही प्रथा! पण पवळाबाईंनी त्याच गाण्याला आपले बळ केले. त्या काळी फडात बाईचे सोंग नाच्या पोऱ्या घेत असे. पवळाबाई स्वतः फडावर उभ्या राहिल्या. तमाशातील पहिली स्त्री कलावंत म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, त्यांच्या जोडीला आले. ब्राह्मण शाहीर आणि महार कलावंतीण एका फडात, हे सनातन्यांना सहन होणे शक्यच नव्हते. बापूरावांनी जात सोडली याचे कौतुक आजही होते. पवळाबाईंची जात मात्र त्यांच्या सोडण्याने सुटणारी नव्हती; ती समाजाने लादलेली होती.

१९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी तमाशाचे उत्पन्न देऊ केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले, ही हकिकत चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. तो नकार पवळाबाईंना नव्हता. अस्पृश्य स्त्रीला नाचवून मिळणाऱ्या पैशाला तो नकार होता. धंद्याचा निषेध म्हणजे कलावंतिणीचा तिरस्कार नव्हे. ही गल्लत करणारे बाबासाहेबही समजून घेत नाहीत आणि पवळाबाईही.

अमेरिकेत बेसी स्मिथ ही कृष्णवर्णीय गायिका त्याच सुमारास गाजत होती. १९३७ साली ती अपघातात गेली आणि तिच्या कबरीवर नावाचा दगड लागायला १९७० साल उजाडले! पवळाबाई १९३९ साली गेल्या. बापूराव १९४५ साली गेले, आणि १९५० साली बापूरावांच्या नावाचा चित्रपट निघाला. नाव कोणाचे राहते, हे वर्ण पाहून ठरते. तिकडेही आणि इकडेही.

एटापल्लीच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. आमच्या गडचिरोली-चंद्रपूर भागात तमाशापेक्षा झाडीपट्टीच्या नाटकांचा जोर. दिवाळीनंतर वडशाहून मंडळ्या निघतात, रात्र रात्र प्रयोग होतात आणि त्यात आपल्या लेकीबाळीही काम करतात. त्यांना ठरलेली बिदागी वेळेवर मिळते काय, रात्री परतताना त्या सुरक्षित असतात काय, गावात त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते? हे प्रश्न चळवळीने हाती घेतले पाहिजेत. पवळाबाईंना खरे अभिवादन तेच होईल.