विस्तवाने झाड शिंपले तर?

लोकलच्या गर्दीत ‘पुढील स्टेशन’ एवढेच कानावर पडले, की मालाडला उतरणारा नावासाठी कान टवकारतो. एका शब्दाने दुसऱ्याची वाट पाहायला लावावी, याला आपले जुने शास्त्रकार ‘आकांक्षा’ म्हणत. ऐकणाऱ्याला वाक्य नेमके कसे कळते, याचा खोल विचार काशीतल्या एका मराठी वैयाकरणाने केला. ते म्हणजे नागेशभट्ट, आडनाव काळे.

सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्याचा पूर्वार्ध हा त्यांचा काळ. वडील शिवभट्ट, आई सती. भट्टोजी दीक्षितांचे नातू हरि दीक्षित हे त्यांचे गुरू, तर प्रयागजवळच्या शृंगवेरपूरचा राजा राम हा आश्रयदाता. त्यांना मूलबाळ नव्हते. ‘शब्देन्दुशेखर’ हा मुलगा आणि ‘मंजूषा’ ही मुलगी मानून दोन्ही ग्रंथ त्यांनी शिवपार्वतीला वाहिले. त्यांचा ‘परिभाषेन्दुशेखर’ पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले प्राध्यापक कीलहॉर्न यांनी १८६८ मध्ये संपादून छापला, पुढे इंग्रजीतही आणला.

वाक्यबोधाची चर्चा आहे ती मंजूषेत. नैयायिकांच्या मते शब्दांत आकांक्षा हवी, ते लागोपाठ यावेत आणि अर्थ एकमेकांशी जुळावेत. या जुळण्याला ‘योग्यता’ म्हणतात. माळी विस्तवाने झाड शिंपतो, या वाक्यात ती नाही. म्हणून ऐकणाऱ्याला त्यातून बोधच होत नाही, असे ते मानत. नागेशभट्टांना हे पटले नाही. शब्दाचा अर्थ बाहेरच्या वस्तूत नसून बुद्धीत असतो, ही त्यांची भूमिका. बोधच झाला नसता, तर असे बोलणाऱ्याला लोक हसले कशाला असते?

१९८० मध्ये कॅलिफोर्नियात मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी असलीच वाक्ये लोकांना एकेक शब्द दाखवत वाचायला दिली. पावाला मोजे फासले, अशा धाटणीची! त्या विसंगत शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठळक विद्युतलहर उमटली. म्हणजे मेंदू अशा वाक्यापाशी थांबून राहत नाही, त्याचा अर्थ लावायची खटपट करतो. यावरून नागेशभट्टांना मेंदूच्या लहरी ठाऊक होत्या, असे मात्र कोणी म्हणू नये. त्यांच्याजवळ पुरावा होता तो ऐकणाऱ्याच्या हसण्याचा.

चार वर्षांनी त्याच दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. वाक्य पूर्ण अर्थाचे असले, पण शेवटी अपेक्षित नसलेला शब्द आला, तरी ही लहर वाढते.