सूर्यावरचे डाग मोजणारे रिचर्ड कॅरिंग्टन



सौर वादळाची बातमी टीव्हीवर आली की मुलं हमखास विचारतात, ते वादळ आपल्याकडे येणार का? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर द्यायला शास्त्रज्ञांनाही जड जातं. सूर्यावरून उडालेला वायूचा ढग सरळच येईल याचा भरवसा नसतो, तो वाटेत वळतो. हा विषय मुलांना सांगायचा असेल तर रिचर्ड कॅरिंग्टन यांच्यापासून सुरुवात करा.

त्यांचा जन्म २६ मे १८२६ रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांचा ब्रेंटफर्डला बिअरचा कारखाना होता, म्हणजे घरी पैशाची चणचण नव्हती. मुलाने धर्मगुरू व्हावं असं ठरलं होतं. पण केंब्रिजला शिकताना खगोलशास्त्राची व्याख्यानं ऐकली आणि गाडीचा रूळच बदलला. डरहॅमच्या वेधशाळेत त्यांनी तीन वर्षं नोकरी केली. तिथली उपकरणं त्यांना अपुरी वाटली, म्हणून ती सोडून सरे परगण्यात रेडहिल इथे स्वतःचं घर आणि वेधशाळा बांधली. रात्री ते ध्रुवाजवळच्या ताऱ्यांची मोजणी करत. त्यातून ३७३५ ताऱ्यांची यादी तयार झाली आणि त्याबद्दल रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदकही मिळालं.

मग दिवसा काय करायचं? त्यांनी सूर्य धरला. १८५३ पासून १८६१ पर्यंत, आकाश मोकळं असेल तेव्हा ते सूर्याची प्रतिमा काचेच्या पट्टीवर पाडून डागांच्या जागा मोजत राहिले. मध्येच १८५८ साली वडील वारले आणि कारखान्याचा भार अंगावर पडला. तरी मोजणी त्यांनी जमेल तशी चालू ठेवली. हा भाग मुलांना जरा रेंगाळून सांगा. डाग काढणं हे काही फार रोमांचक काम नाही! पण त्यातूनच कळलं की सूर्याच्या विषुववृत्ताजवळचे डाग साधारण २५ दिवसांत फेरी पूर्ण करतात आणि दूरचे त्याहून जास्त दिवस घेतात. म्हणजे आपल्याला दिसणारा सूर्याचा पृष्ठभाग एखाद्या घट्ट चेंडूसारखा एकसंध फिरत नाही.

आता १ सप्टेंबर १८५९ ची सकाळ. डागांचा एक मोठा गट ते कागदावर उतरवत होते. अकरा वाजून अठरा मिनिटांनी त्या गटावर दोन पांढरेशुभ्र ठिपके झगझगले. आधी त्यांना वाटलं, पडद्याला भोक पडून ऊन आत येतंय. तसं नाही हे लक्षात येताच साक्षीदार आणायला ते धावले. मिनिटभरात परत येतात तो तेज उतरलेलं, आणि पाचेक मिनिटांत सगळं संपलं. नशिबाने रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही ते स्वतंत्रपणे पाहिलं होतं.

साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. तारायंत्रं बिघडली, क्यूबासारख्या उष्ण प्रदेशातही आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. आणि इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो बरं का! कुलाबा वेधशाळेत त्या वेळी चुंबकीय नोंदी हाताने घेतल्या जात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने एकदम खाली गेल्याचं त्या वह्यांत नोंदलं गेलं. त्याच नोंदींवरून २००३ साली त्या वादळाचा जोर नव्याने काढण्यात आला.

ठिपके आणि वादळ यांचा संबंध कॅरिंग्टन यांच्या लक्षात आला होता. पण एका घटनेवरून नियम सांगायला त्यांनी नकार दिला. माझ्या मते ते बरोबरच होतं, कारण मधला दुवा त्यांच्याजवळ नव्हता. तो दुवा म्हणजे वायू आणि चुंबकीय क्षेत्राचा प्रचंड ढग. असे ढग उपग्रहांवरून १९७१ पासून दिसू लागले.

हा ढग का वळतो? सूर्याजवळ चुंबकीय क्षेत्र कुठे जोरदार, कुठे कमजोर असतं. जोरदार बाजू ढगाला ढकलते आणि तो कमजोर बाजूकडे सरकतो. बहुतेक वळण सूर्यापाशीच पडतं. पुढे वेगवान सौर वारा किंवा दुसऱ्या ढगाची टक्कर त्याला आणखी बाजूला सारू शकते. नदीत सोडलेली कागदी होडी दगडाजवळून कशी वळते, ते मुलांना दाखवता येईल. दाखला अगदी तंतोतंत नाही, पण चालतो.

७ जानेवारी २०१४ रोजी असंच झालं. आपल्याकडे तोंड केलेल्या भागाच्या जवळजवळ मध्यातून मोठा स्फोट झाला, जोरदार वादळाचा इशारा निघाला. पण ढग सुमारे ३७ अंश वळून मंगळाच्या बाजूला गेला आणि पृथ्वीवर फारसं काही जाणवलं नाही. उलट ढग थेट येऊन आदळला तर काय होतं ते कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने मार्च १९८९ मध्ये पाहिलं. साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते.

असा अंदाज बांधायला सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचे नकाशे लागतात. त्या नकाशांवरच्या रेखांशांना आजही कॅरिंग्टन यांचंच नाव आहे. सूर्याच्या फेऱ्यांचा त्यांचा क्रमांक ९ नोव्हेंबर १८५३ पासून अजून पुढे मोजला जातोय.

त्यांना स्वतःला मात्र यातलं काही पाहायला मिळालं नाही. १८६१ मध्ये त्यांनी रेडहिलची वेधशाळा विकली, १८६३ मध्ये डागांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, मग तब्येत ढासळली. नोव्हेंबर १८७५ मध्ये पत्नी गेली आणि त्याच महिन्यात २७ तारखेला तेही गेले. वय अवघं ४९.

शाळेत करून बघायचं असेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि दोन-तीन मीटरवर, अंधाऱ्या बाजूला, पांढऱ्या कागदावर सूर्याची प्रतिमा पाडा. लहान डाग यात दिसणार नाहीत, फार मोठा असला तरच अंधुक दिसेल. मुलांना भोकातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे अजिबात बघू देऊ नका, पाठ सूर्याकडे आणि डोळे कागदाकडे असू द्या. रोज एकाच वेळी प्रतिमेभोवती पेन्सिलीने गोल काढून तारीख लिहायला सांगा.